विमानाचा प्रॉप (पुढचा पंखा) मातीला घासला, टोक वाकलं, पण इंजिन बंद पडलं नाही. तरी इंजिन उघडायचं का?

फोंडा१७२

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही तिघांनी मिळून घेतलेलं जुनं सेसना १७२ पी आहे, ओ-३२० लायकमिंग इंजिन, पुढे मॅकॉलीचा दोन पात्यांचा फिक्स्ड पिच प्रॉप. गेल्या रविवारी गोव्याबाहेरच्या एका छोट्या धावपट्टीवर उतरलो, लँडिंग एकदम व्यवस्थित झालं, पण पार्किंगकडे वळताना मी आतल्या बाजूने जास्तच कापलं आणि नोजव्हील डांबराच्या कडेवरून खाली उतरलं. आठवडाभर पाऊस झालेला, कडेची माती नुसती भुसभुशीत. नाक खाली बसलं, खर्रकन आवाज आला, आरपीएम हजाराच्या आसपास होता तो धाडकन खाली गेला, परत थोडा वर आला आणि तेवढ्यात मी मिक्श्चर (इंधन तोडायचा दांडा) ओढून बंद केलं. म्हणजे इंजिन मातीने थांबवलं नाही, मी थांबवलं, हे मुद्दाम सांगतोय.

उतरून बघितलं तर एका पात्याचं टोक साधारण दीड इंच मागे वळलंय, दुसऱ्या पात्यावर ओरखडे आणि पुढच्या धारेला दोन खाचा, एक जरा खोल, नख अडकतं. स्पिनर (प्रॉपच्या मधली टोपी) ठीक दिसतो. गळती कुठे नाही.

आता आमच्यात दोन मतं पडलीत. एक पार्टनर म्हणतो टोक लाकडी हातोडीने सरळ करू, कानस मारू, एक ग्राउंड रन घेऊ आणि व्हायब्रेशन नसेल तर घेऊन येऊ, चतुर्थीच्या आधी विमान घरी पाहिजे. तिथल्या एका ओळखीच्या मेकॅनिकनेही तेच सांगितलं. मला मात्र धीर होत नाही. दुसरा पार्टनर म्हणतो नवीन प्रॉप लावू, इंजिनाला काय झालंय, हजार आरपीएमला काय होणार आहे. खर्चाचा विचार केला तर मलाही तसंच वाटावं असं वाटतं, पण खात्री नाही. कोणाला अनुभव आहे का? विमान अजून तिथेच उभं आहे, ताडपत्री टाकून.

मांद्रे_मायक्रोलाइट

आधी एक गोष्ट, बाकीचं मागाहून. तो प्रॉप कोणीही हाताने फिरवू नका. बघायला येणारा प्रत्येक माणूस पातं धरून जरा हलवून बघतो, ही सवयच असते. मॅग्नेटोची (ठिणगी देणारं यंत्र) पी-लीड, म्हणजे तो बंद करणारी वायर, तुटली किंवा सैल झाली असेल तर चावी खिशात असूनही मॅग्नेटो जिवंत असतो, प्रॉप फिरवला की इंजिन पेटू शकतं, आणि झटक्याने नेमक्या अशाच वायरी सुटतात. कॉकपिटमध्ये आणि प्रॉपवर, दोन्हीकडे "हात लावू नये" अशी पाटी बांधा आणि तिथल्या वॉचमनलाही नीट समजावून सांगा.

माझं मशीन वेगळं आहे, रोटॅक्स ९१२, कॉम्पोझिट ब्लेड. आमच्यात ब्लेड लगेच तुटून जातं त्यामुळे झटका थोडा कमी पोचतो, मधे गिअरबॉक्स आणि ओव्हरलोड क्लच आहे. तरीसुद्धा प्रॉप लागला की गिअरबॉक्स उतरवून तपासणी होतेच. तुमच्यात तर मधे काहीच नाही, प्रॉप थेट क्रँकशाफ्टवर, इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, बोल्ट केलेला. जो झटका पात्याला बसला तो सगळा क्रँकनेच खाल्ला.

रेंच_आणि_लॉकवायर

मी एएमई (परवानाधारक विमान देखभाल इंजिनिअर) आहे, पिस्टन इंजिनांवर बरीच वर्षं काढली, लायकमिंगवर जास्त. फोंडेकर, पहिलं सांगतो, हातोडीवाला विचार आजच्या आज डोक्यातून काढा आणि त्या मेकॅनिकला परत विमानाजवळ येऊ देऊ नका.

वाकलेलं ॲल्युमिनियम परत सरळ केलं की ते दिसायला पूर्वीसारखं दिसतं, आतून नसतं. जिथे वाकलं होतं तिथे धातू एकदा ताणला गेला, मग परत दाबला गेला, बारीक चिरा तिथेच सुरू होतात आणि रंगाखाली डोळ्याला दिसत नाहीत. तुमचा ७५ इंची प्रॉप २७०० आरपीएमला फिरतो तेव्हा टोकाचा वेग हिशेब करून बघा, सेकंदाला जवळजवळ २७० मीटर येतो, म्हणजे ताशी साडेनऊशे किलोमीटरच्या वर. त्या वेगात प्रत्येक पात्यावर बाहेरच्या बाजूला कित्येक टनांचा ओढा असतो. टोकाचे चार इंच जरी उडाले तरी एक बाजू हलकी होते, आणि ते असंतुलन इंजिनाला माउंटवरून उपटून काढू शकतं. असं घडलेलं आहे, आणि इंजिनाचं वजन नाकातून गेलं की विमानाचा तोल सावरता येत नाही. किती वाकलेलं सरळ करता येतं, पात्याच्या कुठल्या भागात, याचे आकडे प्रॉप बनवणाऱ्याच्या मॅन्युअलमध्ये असतात आणि ते काम प्रॉप शॉपचं, अँगल मोजून, डाय पेनेट्रंट (चिरा दाखवणारा रंग) करून. धावपट्टीवर बसून करायचं नाही.

टोक कापून लहान करता येईल का असं कोणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगतो. १७२ पी च्या तुमच्या प्रॉपला टाइप सर्टिफिकेटमध्ये (विमानाच्या मान्यतेच्या कागदात) व्यास जास्तीत जास्त ७५ इंच, कमीत कमी ७४. म्हणजे एका पात्यातून फक्त अर्धा इंच काढायची मुभा, आणि दोन्हीकडे सारखं काढावं लागतं. तुमचं टोक दीड इंच वळलंय. शॉपला काय दिसतं ते बघू, पण मी तरी नवीन प्रॉपचे पैसे मनात धरून ठेवले असते.

आता मुख्य, इंजिन. "इंजिन थांबलं नाही" यावर सगळे अडकतात. लायकमिंगची व्याख्या तशी नाही. सर्व्हिस बुलेटिन ५३३ वाचा. किरकोळ घासून खाच काढण्यापलीकडे प्रॉपला दुरुस्ती लागेल अशी कुठलीही घटना म्हणजे प्रॉप स्ट्राइक, इंजिन चालू असो की बंद. हँगरमधे उभ्या विमानाच्या पात्यावर काही पडलं आणि पातं वाकलं तरी धरतात. शिवाय पाणी, उंच गवत अशा मऊ गोष्टीत आरपीएम धाडकन पडला तर पात्याला काही न होताही तो स्ट्राइकच. तुमच्यात पातंही वाकलंय आणि आरपीएमही पडलाय. वाद घालायला जागाच नाही.

हे इतकं का, ते सांगतो. ओ-३२० च्या मागच्या टोकाला क्रँकशाफ्टवर एक गिअर आहे, एका मोठ्या बोल्टने धरलेला, बोल्टखाली लॉकप्लेट, आणि गिअर जागेवरून फिरू नये म्हणून एक छोटी डॉवेल पिन. पुढून प्रॉप अचानक अडला की क्रँक थबकतो पण मागचं सगळं, झडपा उघडणारा कॅमशाफ्ट, दोन्ही मॅग्नेटो, आपल्या गतीने पुढे जायला बघतं. तो सगळा झटका त्या एवढ्याशा पिनवर आणि बोल्टवर येतो. पिनवर खूण पडते, बोल्ट किंचित ढिला होतो, आणि त्या दिवशी काहीच कळत नाही. ग्राउंड रन गोड होतो. मग वीस तासांनी, पन्नास तासांनी, कधीतरी गिअर सुटतो, आणि त्या क्षणी कॅम थांबला, दोन्ही मॅग्नेटो थांबले, ऑइल पंपही गेला. मॅग्नेटो दोन दिलेत ते एक गेला तर दुसरा असावा म्हणून, पण दोघांना फिरवणारा गिअर एकच.

म्हणून एफएएची (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे सुरक्षेचा आदेश, आहे, २००४-१०-१४. प्रॉप स्ट्राइक झाल्यावर पुढच्या उड्डाणाच्या आधी तो गिअर, पिन, क्रँकमधली बसायची जागा, थ्रेड हे सगळं तपासायचं, आणि बोल्ट आणि लॉकप्लेट नवीनच घालायची, जुने चांगले दिसले तरी. ही सक्तीची आहे आणि आपल्याकडे डीजीसीएलाही (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) ती लागते. यासाठी मागची ॲक्सेसरी केस काढावी लागते, पूर्ण इंजिन खोलावं लागत नाही. सर्व्हिस बुलेटिन मात्र पूर्ण इंजिन खोलून क्रँक, कनेक्टिंग रॉड वगैरेची मॅग्नेटिक तपासणी करा असं सांगतं. माझ्या अनुभवाने सांगतो, माझ्या सहीचं विमान असेल तर मी पूर्णच खोलतो.

डिचोली_फ्लायर

रेंच दादांचा आदर राखून थोडं वेगळं बोलतो. आमच्या वेळी अशा हलक्या स्पर्शाला क्रँकच्या फ्लँजला (प्रॉप बसतो ती चकती) डायल गेज लावून रनआउट, म्हणजे फिरताना किती डगमगतो ते, बघायचे, लिमिटमध्ये असला की प्रॉप बदलून उडवायचे. मी स्वतः असं विमान नंतर दोनशे तास उडवलंय. हजार आरपीएम, ओली माती, काँक्रीट नाही. पूर्ण इंजिन खोलायचं म्हणजे कित्येक महिने विमान जमिनीवर आणि खर्च जुन्या १७२ च्या किमतीच्या मानाने अवाढव्य. सगळ्यांनाच परवडतं असं नाही.

रेंच_आणि_लॉकवायर

डिचोली, खर्चाचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे, त्यावर मी काही बोलू शकत नाही. पण डायल गेज फक्त पुढचा फ्लँज वाकलाय का ते सांगतं. पिन आणि गिअर मागच्या टोकाला आहेत, तिथलं डायल गेजला काही दिसत नाही. फ्लँज एकदम सरळ आणि मागे पिनवर खूण, असं मी हाताने काढून बघितलंय. तुमची ती दोनशे तासांची उड्डाणं नीट झाली याचा आनंद आहे, पण त्यावरून दुसऱ्याला सांगता येत नाही ना.

आणि फोंडेकर, नोज गिअरकडेही बघा. १७२ चा नोज गिअर (पुढचं चाक) खाली फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि कॉकपिटमधल्या पत्र्याच्या भिंतीला, धरलेला असतो. नाक आपटलं की तिथल्या पत्र्याला सुरकुती पडते, कधी रिव्हेट ओढले जातात. खालचं काउलिंग (इंजिनावरचं झाकण) काढून टॉर्च मारून बघायला सांगा, आतून पायांकडची बाजूही. इंजिन माउंटच्या नळ्या, वेल्डिंगच्या जागा. स्पिनरची मागची प्लेट काढून स्क्रूच्या भोकांपाशी चिरा. ताडपत्री टाकलीय म्हणताय, पाऊस तिरका आला तर काउलिंगच्या तोंडातून पाणी जाईल तेही बंद करा.

पर्वरीकर

कागदांची बाजू कोणी बोललं नाही म्हणून. आमच्या ग्रुपच्या विमानाला तीन वर्षांपूर्वी टोबार (विमान ओढायची दांडी) लावलेला असताना स्टार्ट केलं गेलं, त्यातून शिकलेलं सांगतो.

काहीही उघडायच्या आधी इन्शुरन्सला कळवा. सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत प्रॉपसुद्धा काढू नका. आम्ही उत्साहाने काढून ठेवला होता, मग कुठल्या पोझिशनला होता, चिखल कुठे लागला होता, यावर पत्रव्यवहार करत बसलो, दोन महिने गेले. फोटो काढा, चाकाचा मातीतला ठसा, पात्याने मातीत केलेल्या चिरा, त्यांच्यामधलं अंतर, टॅकोमीटर आणि हॉब्जचं (तास मोजणारं मीटर) रीडिंग, सगळं. पाऊस आला की ते ठसे गेले, म्हणून अजून नसतील काढले तर आजच कोणाला तरी पाठवा. प्रॉप आणि स्ट्राइकमुळे इंजिन खोलून बघायचा खर्च बहुतेक वेळा हल पॉलिसीत (विमानाच्या नुकसानीचा विमा) धरला जातो, पण आत जुनी झीज निघाली तर ती तुमच्या खिशातून. पॉलिसी वाचा आणि क्लेममध्ये सर्व्हिस बुलेटिन आणि त्या डायरेक्टिव्हचा नंबर लिहा, नुसतं "इंजिन तपासणी" लिहू नका.

दुसरं, कळवणं. नुकसान फक्त प्रॉपपुरतं असेल तर व्याख्येप्रमाणे तो ॲक्सिडेंट होत नाही, पण इन्सिडेंट म्हणून डीजीसीएला कळवायचं असतंच. अपघात तपासाचे नियम आहेत त्यात बघा. लपवून काही फायदा नाही, लॉगबुकात प्रॉप बदलल्याची एन्ट्री पडणार, उद्या विकायला काढलं तर घेणारा पहिला प्रश्न हाच विचारणार.

फेरी फ्लाइटचं पण विचार करत असाल तर स्पेशल फ्लाइट परमिट म्हणून प्रकार आहे, पण त्यासाठीही एएमईने विमान त्या एका उड्डाणाला सुरक्षित आहे असं लिहून द्यावं लागतं. स्ट्राइक झालेल्या इंजिनाला असं कोण लिहून देईल? आम्ही शेवटी इंजिन जागेवरच उतरवून टेम्पोने पाठवलं.

वास्को_निवृत्त

मुलांनो, मी नेव्हीत एअर इंजिनिअरिंगला २२ वर्षं होतो, त्यातली बरीच दाबोळीला हंसा या नौदलाच्या तळावर. आमची विमानं वेगळी, टर्बोप्रॉप, पण पात्याचं शास्त्र तेच. इंजिनाबद्दल रेंचने सांगितलं त्यात घालायला माझ्याकडे काही नाही, त्याचं ऐका. मी त्या दुसऱ्या पात्यावरच्या खाचांबद्दल लिहितो, कारण वाकलेल्या टोकाच्या गडबडीत त्या विसरल्या जातात, आणि रोजच्या जीवनात खाचाच जास्त येतात.

खाच म्हणजे चिरेचं बी. प्रत्येक फेऱ्यात पातं किंचित वाकतं आणि सरळ होतं, सगळा ताण त्या खाचेच्या बुडाशी गोळा होतो, आणि खाच जितकी टोकदार तितका जास्त. म्हणून खाच भरायची नसते, ती सपाट करून तिचा टोकदारपणा काढायचा असतो. पुढच्या धारेवर खाच जेवढी खोल त्याच्या दहापट लांबीत हलकेच उतार करत घासायचं, म्हणजे खोली एक मिलिमीटर असेल तर निदान दहा मिलिमीटर लांबीचा उथळ घळ. कानशीचे उभेआडवे व्रण राहू द्यायचे नाहीत, शेवटी बारीक पॉलिश पेपर, मग डाय पेनेट्रंट, मग रंग. आणि हे परवानाधारक माणसाने करून लॉगबुकात लिहायचं, मालकाने गुपचूप नव्हे. नुसता एकाच पात्याला रंग फासू नका, त्याचंही वजन असतं. खाचेभोवती शिसपेन्सिलीने गोल करायची सवय असेल तर सोडा, ग्राफाइटने ॲल्युमिनियम गंजतं.

आपल्याकडे गोव्यात गंज हा वेगळाच विषय. समुद्राचा खारा वारा, त्यात पावसाळ्याची दमट हवा, विमान आठ दिवस उभं राहिलं की पात्यावर बारीक पांढरे ठिपके येतात, बोटाला खरखरीत लागतात. तो मीठ बसल्याचा गंज, आणि तो ठिपकासुद्धा खाचेसारखाच वागतो. उड्डाण झालं की गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसायचं, कोरडं करायचं, मग तेलाचा अगदी पातळ हात. प्रेशरच्या पाण्याने हबवर मारा करू नका. आणि पुसताना प्रत्येक पात्याची पुढची धार नखाने बुडापासून टोकापर्यंत चाचपायची. डोळा फसतो, नख फसत नाही. हे मॅग्नेटो बंद, मिक्श्चर बंद, आणि तरी आपण फिरण्याच्या वाटेबाहेर उभं राहून.

आमच्याकडे सकाळी फॉड वॉक असायचा. सगळे, ऑफिसरपासून नवीन आलेल्या पोरापर्यंत, एका रांगेत खांद्याला खांदा लावून ॲप्रनवरून चालत जायचे आणि खडा, खिळा, वायरीचा तुकडा, जे दिसेल ते उचलून खिशात घालायचे. तुमच्या छोट्या धावपट्टीवर रांग लावता येणार नाही पण विमानापुढची वीस पावलं तरी चालून बघता येतात. आपल्या भागात जांभ्याची बारीक खडी सगळीकडे सुटलेली असते, पावसानंतर तर जास्तच वाहून येते. फिरत्या प्रॉपखाली हवेचा भोवरा तयार होतो तो खडा वर ओढतो. म्हणून खडीवर उभं राहून फुल थ्रॉटल रन-अप करायचा नाही. स्वच्छ जागा नसेल तर थ्रॉटल हळूहळू देत, विमान पुढे सरकत असतानाच पॉवर वाढवायची, म्हणजे उडालेला खडा मागे पडतो.

फोंडेकर, एक विचारतो. नोज स्ट्रट (पुढच्या चाकाचा शॉक ॲब्सॉर्बर) किती बाहेर होता? १७२ च्या प्रॉपखाली जमिनीपासून सुमारे ११ इंच जागा असते, पण ती स्ट्रट नीट भरलेला आणि टायरला हवा बरोबर असताना. स्ट्रट बसलेला असेल तर त्यातले दोन-तीन इंच आधीच गेलेले असतात.

फोंडा१७२

काका, तुम्ही बरोबर नाडीवर बोट ठेवलंत. स्ट्रट महिनाभर खाली होता, आम्हा तिघांनाही माहीत होतं, पुढच्या इन्स्पेक्शनला नायट्रोजन भरू म्हणून ठेवलं होतं. आता फोटो काढताना मोजलं तर क्रोम जेमतेम दोन बोटं दिसतंय. एवढ्यानेच फरक पडला असता की नाही कोण जाणे, पण मला त्या रात्री झोप नाही आली.

फोंडा१७२

सात आठवड्यांनी अपडेट देतोय, उशीर झाला माफ करा.

पर्वरीकरांचं ऐकून दुसऱ्याच दिवशी परत गेलो, मातीतले ठसे थोडे राहिले होते, त्यांचे फोटो घेतले. कळवायचं होतं तिथे कळवलं. सर्व्हेअर नवव्या दिवशी आला. प्रॉप शॉपने रिजेक्ट केला, वळलेल्या भागाच्या बुडाशी डाय पेनेट्रंटमध्ये केसासारखी लाल रेघ उमटली, मी स्वतः बघितली, बाहेरून तिथे काहीही दिसत नव्हतं. आम्ही हातोडी मारायला निघालो होतो ती याच जागेवर.

इंजिन काढून टेम्पोने पाठवलं, पूर्ण खोललं. फ्लँजचा रनआउट लिमिटमध्ये. क्रँक, रॉड मॅग्नेटिक तपासणीत पास. मागच्या गिअरच्या डॉवेलवर मात्र एका बाजूला चमकदार दाबल्याची खूण होती, एएमईने भिंगाखाली दाखवली. ती पिन बदलली, बोल्ट आणि लॉकप्लेट नवीन. फायरवॉलला डाव्या खालच्या कोपऱ्यात एक सुरकुती निघाली, डबलर (जोडपत्रा) लावून रिव्हेट मारणं चालू आहे. पिन आणखी किती तास टिकली असती हे त्यालाही सांगता येईना, मी दोनदा विचारलं.

हातोडीवाला पार्टनर माझ्याबरोबर शॉपला आला होता. त्याने ती पिन मागून घेतली आणि आता गाडीच्या चावीला लावलीय.

क्लेम अजून मंजूर व्हायचाय, काही सिलिंडरची झीज आमच्याच खात्यात जाणार हे नक्की. चतुर्थी विमानाशिवाय गेली. नवीन प्रॉप पेटीत येऊन पडलाय, पेटी हँगरच्या भिंतीला टेकून उभी ठेवलीय. रेंच दादा, ती आडवी ठेवायची की उभी, आणि आत दमटपणा धरू नये म्हणून सिलिका जेल पुरेल का? बसवायला अजून तीन आठवडे तरी आहेत. सगळ्यांना देव बरें करूं.

रेंच_आणि_लॉकवायर

आडवी, पेटीत आलाय तशाच आधारांवर, जमिनीपासून फळ्यांवर उचलून. भिंतीला टेकवू नका, घसरून पडली की परत पहिल्यापासून सुरू. सिलिका जेल घाला, पण दर आठवड्याला उघडून रंग बघा, गुलाबी झाला की बदला. पात्यांवर प्रिझर्व्हेटिव्ह तेल असेल ते बसवायच्या दिवसापर्यंत पुसू नका. आणि स्ट्रटमध्ये नायट्रोजन भरला का ते लिहिलं नाहीत.

फोंडा१७२

भरला दादा. सील पण बदललं, गळत होतं. पेटी आत्ता आडवी करतो.